पाण्याकडे न बघता

फिल्मचा शेवट काय आहे, हे मी माझ्या मुलीला किती वेळा विचारलं असेल कुणास ठाऊक. दर वेळी तिचं उत्तर तेच. "बापाला म्हाइत नसतं, पप्पा. मग तुमाला कशाला सांगू?"

त्या फिल्ममध्ये बाप मीच होतो.

मी पाटकरी आहे, म्हणजे कालव्यावरचा माणूस. बारामतीकडून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याचा पिंपळी आणि भवानीनगरच्या मधला एक तुकडा माझ्या अंगावर आहे. आवर्तन सुटलं, म्हणजे वरून पाणी आलं, की कोणत्या फाट्याला किती वेळ पाणी द्यायचं ते बघायचं, गेट उचलायचं, पाडायचं, ज्याची पाळी संपली त्याच्या शिव्या खायच्या. राहायला चौकीमागची क्वार्टर. बायको, मुलगी आणि मी. मूळ गाव निरवांगी. तिथं माझी थोरली बहीण भाजीपाला करते.

मुलगी बारामतीच्या एका कॉलेजात फिल्मचं शिक्षण घेते. वर्षाच्या शेवटी तिथल्या मुलांना एक छोटी फिल्म स्वतः करून द्यावी लागते. तिच्या फिल्ममध्ये बापाचं काम करायला नाटकात हौसेनं कामं करणारे एक गृहस्थ ठरले होते. ऐन वेळी त्यांच्या द्राक्षबागेची छाटणी निघाली आणि त्यांनी नाही म्हणून कळवलं. त्या संध्याकाळी जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "पप्पा, तुमीच करा बापाचं काम."

"मला कुठं येतंय नाटक?"

"नाटक न्हायच करायचं. तुमी नुसतं उभं राहिला तरी बाप दिसता."

बायको हसली. "घरात उभं राहिले तर. ते कायम गेटवर."

मीही हसलो. मग विचारलं, गोष्ट काय आहे.

"एक मुलगी हाय. घरात तिला एक म्हणत्यात, गावात दुसरंच म्हणत्यात. पण आपण कोण हाय ते तिचं तिला कळत न्हाय. ते ती शोधत असती. मग एक दिवस घरातनं निघून जाती."

"कुठं?"

"ते न्हाय सांगणार."

"शेवटाला सापडती का?"

"पप्पा, जेवा की."

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. घरातनं निघून गेली, हे शब्द माझ्या नोकरीत मी पुष्कळ वेळा ऐकले आहेत, आणि ते ऐकल्यावर काय करायचं असतं तेवढंच मला माहीत आहे.

माझ्या हद्दीत एका ठिकाणी कालवा ओढ्याच्या खालून जातो. पाणी तिथं बोगद्यात शिरतं. तोंडाला लोखंडी गजांची जाळी आहे. वरून वाहत आलेलं सगळं तिथं अडकतं. बाभळीच्या फांद्या, उसाचं पाचट, निर्माल्याच्या पिशव्या, बाटल्या, एखादं मेलेलं वासरू. जाळी तुंबली तर पाणी काठ फोडून शेतात जाईल, म्हणून लांब बांबूला लोखंडी आकडा लावलेला आहे, त्याने मी ती साफ करतो. आणि कधी कधी तिथं माणूस येतो.

लोक सरळ काही बोलत नाहीत. चौकीसमोर गाड्या थांबतात. दोघं-तिघं जवळ येतात, एकजण लांबच उभा राहतो. तो बाप असतो, नाहीतर भाऊ. जवळ आलेल्यांपैकी कुणीतरी खाली बघत म्हणतं, "तात्या, पाणी जरा कमी करता येतंय का?" कशासाठी, हे मी विचारत नाही. वर फोन करतो आणि आकडा घेऊन त्यांच्या पुढे चालायला लागतो. चालताना नजर कुठे ठेवायची ते आता शिकवावं लागत नाही. काठाच्या आतल्या बाजूला घसरल्याची खूण आहे का. मोरीच्या, म्हणजे कालव्यावरच्या बारक्या पुलाच्या, कठड्यावर काही ठेवलंय का. मग जाळी.

मागच्या उन्हाळी आवर्तनात एक मुलगा आला. माझ्या मुलीच्याच वयाचा. पोहायला उतरला होता, पाय घसरला, की आणखी काही, ते मला कुणी सांगितलं नाही. त्याचा बाप या वेळी लांब उभा राहिला नाही. तो जाळीजवळ माझ्या शेजारी आला आणि त्याने विचारलं, "सगळं हितंच येतं का?"

"हितंच येतं," मी म्हणालो.

"मग बरं हाय," असं म्हणून तो खाली बसला.

तो तसं का म्हणाला याचा मी अजून विचार करतो. त्या दिवशी घरी आलो तर दारात माझ्या मुलीच्या चपला होत्या. त्या बघितल्यावर मी आत गेलो. तेव्हापासून घरी आलो की आधी चपला बघायची सवय लागली आहे. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

भीतीला कारण होतं. ते कारण मीच होतो, म्हणून ते मी कुणाला सांगत नव्हतो.

मुलीला पोलीस करायचं मी ठरवलं होतं. लोकांना मात्र सांगायचो, तिलाच हौस आहे. बारावी झाल्यावर तिला भरतीच्या तयारीला लावलं. सकाळी कालव्याच्या मुरमाच्या रस्त्यावर ती पळायची आणि मी गेटजवळ मोबाईलवर वेळ लावून उभा राहायचो. उसाला पाणी द्यायला आलेले शेतकरी थांबून बघायचे. "काय फौजदारीण, आज लई जोरात!" असं म्हणायचे. ते नाव पुढे सगळीकडे झालं. दुकानात फौजदारीण, यष्टीत फौजदारीण. घरात मीसुद्धा म्हणायचो, "फौजदारीण, चहा टाक." ती टाकायची. तिच्या तोंडाकडे बघायचं मला कधी सुचलं नाही. माझं लक्ष मोबाईलवरच्या आकड्याकडे असायचं.

भरतीच्या दिवशी मैदानाच्या कुंपणाबाहेर मी उभा होतो. आठशे मीटर पळायचं होतं. ती पुढच्या मुलींमध्ये होती. मधेच तिचा वेग कमी झाला. मग ती चालायला लागली. मग चालता चालता पांढऱ्या फक्कीच्या रेषेबाहेर आली. तिला लागलेलं नव्हतं, चक्कर आली नव्हती. लिंबाच्या झाडाखाली बसून तिने बूट काढले, तिथंच ठेवले, आणि अनवाणी माझ्याकडे आली. ती गाडीवर मागे बसली. आरशात तिचा चेहरा दिसत होता. ती रडत असती, रागावलेली असती, तर मला कळलं असतं. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी गाडी हळू चालवत होतो.

पुढचे कितीतरी दिवस ती बोलली नाही. खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. कालव्याच्या बाजूला पाऊल टाकायची नाही. लोकांनी नाव सोडलं नाही, फक्त त्यातला सूर बदलला. "काय वो पाटकरी, फौजदारीण चोर कवा धरणार?" मी हसायचो. समोरचा दुखावला जाऊ नये म्हणून हसायचो. ती ऐकू येईल एवढ्या अंतरावर असतानाही मी हसलेलो आहे.

मग एक दिवस ती आईबरोबर बाजाराला गेली असताना मी तिच्या खोलीच्या कडीचे स्क्रू काढले. परत आल्यावर तिने विचारलं. मी म्हणालो, गंजली होती, नवी आणतो. नवी आणली नाही. पडवीत फवारणीचं औषध होतं, ते चौकीच्या कपाटात नेऊन ठेवलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. पुढे तिने आपणहून बारामतीच्या कॉलेजात नाव घातलं, यष्टीने जायला लागली, तेव्हा मी मोटारसायकल घेऊन यष्टीच्या मागे जायचो. पिंपळी आली की वळायचो. पुढे जायला ड्यूटी सोडता येत नव्हती.

एवढं सगळं केलं. तिला विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मी रोज एवढंच विचारायचो, "जेवलीस का?"

कॉलेजात गेल्यावर ती बदलली. बोलायला लागली, हसायला लागली, डोक्याला टोपी घालून फिरायला लागली. बायको म्हणाली, देवाची कृपा. मला त्या हसण्याचाही भरवसा वाटत नव्हता. त्या मुलाचा बापही जाळीजवळ म्हणत होता, काल तर चांगला हसत होता.

अशा वेळी तिने मला बाप केलं.

घरातलं शूटिंग एका रविवारी झालं. तिची एक मैत्रीण कॅमेरा घेऊन आली होती आणि एक मित्र आवाज घ्यायला. फिल्ममधल्या मुलीचं काम तीच करणार होती. मला म्हणाली, "तुमचा डायलॉग एकच हाय. 'जेवलीस का?' तेवढंच म्हणायचं."

"एवढंच?"

"सगळ्या फिल्मभर तेवढंच."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग पाठ करायला नगं."

सगळे हसले. मी दारात उभा राहून ते वाक्य म्हटलं. तिने परत म्हणायला लावलं. मग परत. कॅमेऱ्यासमोर ते ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं, की त्या वाक्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येऊ शकतं. त्यापुढे कुणाला काही सांगायला जागाच राहत नाही.

माझं काम झाल्यावर मैत्रीण माझ्या मुलीच्या खोलीचं दार कॅमेऱ्यात घ्यायला लागली. कडी होती त्या जागी चार भोकं आणि उडालेल्या रंगाचा चौकोन. ती कॅमेरा तिथं जवळ नेऊन बराच वेळ थांबली.

"तितलं कशाला घेता?" मी म्हणालो. "रंग गेलाय तितला."

"काका, तिला तेच पाहिजे," मैत्रीण म्हणाली.

माझी मुलगी खाली बसून वायर गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही. तिला माहीत होतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. आणि ही भोकं त्या गोष्टीत कुठे बसतात, त्यांच्यानंतर गोष्टीत काय होतं, हे मला विचारायचं धाडस होईना.

कालव्यावरचं शूटिंग पुढच्या आठवड्यात होतं. आवर्तन चालू होतं, कालवा काठोकाठ भरलेला. मी तिला म्हणालो, पाणी ओसरल्यावर करू. ती म्हणाली, भरलेलंच पाहिजे. दुपार कलल्यावर आम्ही चौकीपासून निघालो. बऱ्याच दिवसांनी ती त्या रस्त्यावर आली होती, जिथं ती पळायची.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"ती घरात न्हाय. तिच्या चपला दारात न्हायती. तुमी तिला शोधायला निघता. तुमी कसं शोधाल तसं शोधा. मी काय सांगणार न्हाय. आमी मागनं येतो."

चपलांचं तिने का म्हटलं असेल? मला वाटत होतं, ती माझी एकट्याची गोष्ट आहे.

मी चालायला लागलो. सुरुवातीला कॅमेऱ्याची लाज वाटत होती. मग पाय आपोआप चालायला लागले. चौकीच्या भिंतीला टेकवलेला आकडा मी घेतला होता, तो कधी घेतला ते मला आठवत नाही. काठाच्या आतल्या बाजूला बघत बघत गेलो. एका ठिकाणी गवत दबलेलं होतं, तिथं वाकून बघितलं. कुणाची तरी म्हैस उतरली होती. मोरीच्या कठड्यावर हात फिरवला. काही नव्हतं. पुढे जाळी.

जाळीला फांद्या लागलेल्या होत्या. पाणी खालून ओढ घेत होतं, त्याचा आवाज येत होता. मी आकडा घातला आणि एक फांदी बाजूला केली. मग दुसरी. तिच्या खाली गुलाबी काहीतरी हललं. माझ्या मुलीची एक गुलाबी ओढणी आहे. मी आकड्याने ते ओढायला लागलो. ते येईना. मी काहीतरी बोलत होतो. काय ते पुढे मला मैत्रिणीने सांगितलं. मी म्हणत होतो, "सोड, सोड, सोड."

"पप्पा."

तो आवाज मागून आला. मला तो ऐकू आला, तिचाच आहे हेही कळलं, आणि तरी मी पाण्यातच बघत राहिलो. आवाज पाण्यातून आला असंच मला वाटलं.

"पप्पा, मी हितं हाय."

गुलाबी कापड फांदीतून सुटून वर आलं. ओटीतला ब्लाउजपीस होता. कुणीतरी नारळाबरोबर कालव्याला सोडलेला.

तिने माझ्या हातातून आकडा काढून घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "पाण्यात काय बघताय?" ती म्हणाली. "मेली न्हाय ती. फिल्ममधली मुलगी मेली न्हाय, पप्पा. जिवंत माणूस शोधत्यात तशी शोधा की."

तेवढ्यात काठावरून एक मोटारसायकल आली. खालच्या फाट्यावरचा एक ऊसवाला. जाळीजवळ मला बघून त्याने गाडी उभी केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण हाय वो, पाटकरी?"

मुलगी म्हणाली, "कोण न्हाय, काका. शूटिंग हाय."

"शूटिंग?" त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "असलं शूटिंग करत्यात व्हय? मी तितनं गाडी वळवून आलो. आता माझ्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्याच चारीत चाललंय सगळं." तो पुटपुटत निघून गेला. एरवी मी हसलो असतो.

"मग कुठं शोधू?" मी मुलीला विचारलं.

"तुमाला म्हाइत असंल तितं."

मी काठावर उभा राहिलो. एका बाजूला भवानीनगर, कारखान्याची चिमणी. दुसऱ्या बाजूला पिंपळी आणि पुढे बारामती. माझी मुलगी घरात नसते तेव्हा कुठे असते? कुणाकडे जाते, कुठे बसते, कुठे तिला बरं वाटतं? मला एकही जागा सांगता येईना. ती मेली तर कुठे सापडेल, ते मी बोट ठेवून दाखवू शकत होतो.

"मला न्हाय म्हाइत," मी म्हणालो.

तिने मित्रमैत्रिणीला हाताने खूण केली. ते दोघं चौकीकडे गेले. आम्ही दोघं मोरीच्या कठड्यावर बसलो, पाण्याकडे पाठ करून. तिनेच मला तसं बसवलं.

"कडी तुमी काढली, म्हाइत हाय मला," ती म्हणाली.

"गंजली व्हती."

"पप्पा."

"काढली मी."

"औषध चौकीत नेऊन ठेवलंय तेबी म्हाइत हाय. आणि यष्टीच्या मागनं यायचा तेबी. कंडक्टर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचा, आलं बघ तुझं बॉडीगार्ड, आता पिंपळीला वळतंय का न्हाय बघ." ती थोडी हसली. मग म्हणाली, "मी फौजदारीण व्हणार ते तुमी ठरवलं. न्हाय झाले, तर मी काय करणार तेबी तुमीच ठरवून टाकलं."

इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. नीट विचारता आलं नाही. "तुझ्या मनात तसलं कधी आलं व्हतं का?" एवढंच म्हणालो.

ती लगेच नाही म्हणेल अशी मी वाट बघत होतो. मागे जाळीला पाणी घासत होतं.

"एकदा," ती म्हणाली.

मी कठडा घट्ट धरला.

"हितं न्हाय," ती म्हणाली. "हितं तुमालाच काढायला लागलं असतं."

असं वाक्य आपल्या मुलीच्या तोंडून ऐकल्यावर बापाने काय म्हणायचं असतं? मी "मग?" म्हणालो.

"मग आईला राह्यला जाते म्हणून सांगितलं, निरवांगीची यष्टी धरली आणि आत्याकडं गेले. ती मेथी उपटत व्हती. मी म्हणलं, आत्या, मला कायच व्हायचं न्हाय. ती म्हणली, मग नगं व्हऊ. बस हितं, जुड्या बांध. दिवस मावळंपर्यंत जुड्या बांधल्या. माझ्या ढिल्या व्हायच्या, ती सोडायची आणि परत बांधायला लावायची. मग तिला सगळं सांगितलं. तिनं मला डॉक्टरकडं नेलं, बारामतीत. मनाच्या डॉक्टर हायत त्या बाई. अजून जाते मी त्यांच्याकडं, कॉलेज सुटल्यावर. कॉलेजात नाव घातलं तेबी तितनंच सुचलं."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी भ्याला असता."

"मी भिलेलोच व्हतो."

"व्हय. पण मग तुमी माझ्याकडं बघतानाबी हातात आकडा धरूनच बघितलं असतं."

मी रडलो. ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि मला त्याचीही लाज वाटत होती, की हात मी तिच्या पाठीवर ठेवायला हवा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मघाशी जाळीपाशी मैत्रिणीनं कॅमेरा बंद केला न्हवता. तुमी म्हणत असाल तर ते पुसून टाकू."

मी म्हणालो, तुला पाहिजे तर ठेव. तिने ठेवलं आहे की पुसलं, ते मला अजून माहीत नाही.

त्या दिवसानंतर माझी भीती कमी झाली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ती वाढली. आधी ती माझ्या डोक्यात होती, आणि डोक्यातली गोष्ट खोटी असू शकते असं मनाला सांगता यायचं. आता ती खरी होती. मी बहिणीला फोन केला. म्हणालो, "अक्का, मला सांगायचं न्हाय व्हय?"

"तुला सांगून तू काय केलं असतंस?" ती म्हणाली. "गेट पाडलं असतंस." आणि मग म्हणाली, "बोलत जा तिच्याशी. जेवली का ते सोडून दुसरं काय तरी इचार."

राहिलेलं शूटिंग बारामतीत झालं. या वेळी मीच म्हणालो, मी शोधतो, तुम्ही मागून या. कुठे जातोय ते सांगितलं नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. स्टँडवर उतरलो. तिच्या कॉलेजचा रस्ता एका माणसाला विचारला. चालत गेलो. कॉलेजच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायऱ्या आहेत आणि समोर चहाचा गाडा. गाड्यावर एक बाई होत्या. त्यांना फिल्मचं काही ठाऊक नव्हतं, कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे होता, बारका माईक माझ्या शर्टात. मी मोबाईलमधला मुलीचा फोटो दाखवला.

"ही पोरगी हिकडं येती का?"

"ही व्हय? पिक्चरवाली. बिनसाखरेचा घेती ती." बाईंनी पायऱ्यांकडे हात केला. "तितं बसती रोज. जाणारी-येणारी माणसं बघत बसती. मी म्हणलं, काय गं एवढं बघती? तर म्हणती, मावशी, चेहरे बघते. येडी हाय जरा. पण गुणाची हाय." मग त्यांनी चहा गाळता गाळता माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी कोण?"

"मी बाप तिचा."

"आन् तुमाला म्हाइत न्हाय व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो.

मला फिल्ममध्ये एकच वाक्य होतं. हे 'न्हाय' माझ्याकडून जास्तीचं गेलं. मुलीने ते ठेवलं आहे, एवढं तिने सांगितलं. मी बिनसाखरेचा चहा घेतला, पायऱ्यांवर बसून प्यालो. कडू लागला. समोरून माणसं जात होती. मी त्यांचे चेहरे बघायचा प्रयत्न केला.

परत येताना हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी घेतली. काही दिवसांनी एका संध्याकाळी बसवायला घेतली, तर जुनी भोकं सैल झालेली होती, स्क्रू धरेनात. काडेपेटीच्या काड्या मोडून भोकांत घातल्या आणि मग स्क्रू पिळले. मुलगी शेजारी मोबाईलची बॅटरी धरून उभी होती. फिल्मची जोडाजोडी ती करत होती, डोळे लाल झाले होते.

"आता सांगू का शेवट?" ती म्हणाली.

मी शेवटचा स्क्रू पिळत होतो. "नगं," मी म्हणालो. "बापाला म्हाइत नसतं."

ती हसली. मग कडीवरून बोट फिरवत म्हणाली, "बसली का घट्ट?"

"लावून बघ."

ती आत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. माझा तळहात दारावर टेकलेला होता. मी तो कधी ठेवला, मला कळलं नव्हतं.

"लागली, पप्पा," ती आतून म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. आणि विचारलं, "आज पायऱ्यांवर कोण कोण दिसलं?"

मी दाराला कान लावावा असं मला वाटलं, पण लावला नाही.

"लई जण," ती म्हणाली. "सांगते उद्या. तुमची पाणी सोडायची वेळ झाली न्हवं?"

झाली होती. मी हात काढून घेतला. दारात तिच्या चपला होत्या, त्यांच्याकडे बघितलं, माझ्या घातल्या आणि गेटवर गेलो.